'मोफत घरपोच'ची सरकती रेषा

कार्टमध्ये ४६० रुपयांची पुस्तके पडली की खाली ओळ झळकते: 'आणखी ३९ रुपयांची खरेदी करा आणि डिलिव्हरी मोफत मिळवा.' चाळीसेक रुपयांचा डिलिव्हरी चार्ज वाचावा म्हणून गिऱ्हाईक साठ रुपयांची वही शोधू लागते. ही रेषा नेमकी कुठे आखायची, यावरच ऑनलाइन दुकानदारांची चुरस वीसहून अधिक वर्षे चालू आहे.

झॅपोस या जोड्यांच्या ऑनलाइन दुकानाने अमेरिकेत जोडे पाठवण्याचा आणि परत घेण्याचाही खर्च स्वतः सोसला, कारण जोडा पायात घालून पाहिल्याशिवाय कोण विकत घेणार? ॲमेझॉनने मात्र अट घातली. जानेवारी २००२ मध्ये ९९ डॉलरच्या पुढच्या ऑर्डरवर पाठवणीचा खर्च माफ झाला आणि त्याच वर्षी ही मर्यादा आधी ४९ व ऑगस्टमध्ये २५ डॉलरवर उतरली. सवलत घेणाऱ्याने थोडी वाट पाहायची, एवढाच त्यातला सौदा होता. पुढच्या वर्षी तर कंपनीने दूरचित्रवाणीवरच्या जाहिराती थांबवल्या आणि तो पैसा याच सवलतीकडे वळवला.

फेब्रुवारी २००५ मध्ये आलेल्या ॲमेझॉनच्या 'प्राइम' या वर्गणीच्या योजनेने हा हिशेब फिरवला. वर्षाला ७९ डॉलर भरले की कितीही लहान ऑर्डर दोन दिवसांत घरी येणार होती. वर्गणी एकदा भरली की ती वसूल करण्याच्या ओढीने माणूस दुसऱ्या दुकानाकडे वळतच नाही, आणि माझ्या मते प्राइमची खरी कमाई हीच. सभासद नसलेल्यांसाठी मात्र मर्यादा २०१३ मध्ये ३५ आणि २०१६ मध्ये ४९ डॉलरवर चढली. जानेवारी २०१७ च्या अखेरीस वॉलमार्टने वर्गणीशिवाय, ३५ डॉलरपासून, दोन दिवसांत मोफत पोहोच जाहीर केली, तेव्हा ॲमेझॉन काही आठवड्यांत ३५ वर आणि मे महिन्यात पुन्हा २५ वर आले.

भारतात आधी प्रश्न विश्वासाचा होता. फ्लिपकार्टने २०१० मध्ये 'कॅश ऑन डिलिव्हरी' सुरू केली, तेव्हा टपालखात्याच्या व्ही.पी.ने, म्हणजे पोस्टमनला पैसे देऊन पार्सल सोडवण्याच्या पद्धतीने, पुस्तके मागवलेल्या मराठी वाचकाला दारात पैसे मोजून पुडके घेणे मुळीच नवे नव्हते. फक्त प्रकाशकाच्या जाहिरातीत 'टपालखर्च वेगळा' असे स्पष्ट छापलेले असे. पुढे फ्लिपकार्टनेही २०१३ मध्ये मोफत पोहोचीची मर्यादा ३०० वरून ५०० रुपयांवर नेली, आणि जुलै २०१६ मध्ये ४९९ रुपयांच्या प्रास्ताविक वर्गणीत प्राइम इथे आले.

फ्रान्सने या चुरशीत कायदा आणला. छोट्या ग्रंथविक्रेत्यांना तगता यावे म्हणून २०१४ मध्ये तिथे पुस्तके मोफत घरपोच देण्यास बंदी झाली, तर ॲमेझॉनने पोहोचीचा दर लावला एक सेंटिम, म्हणजे युरोचा शंभरावा भाग. ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोंखालच्या पुस्तकांच्या ऑर्डरवर किमान ३ युरो घेणे सक्तीचे झाले. ३५ युरोंपासून पुढे एका सेंटिमची वाट अजून मोकळीच आहे.