‘नारी सुवर्ण’च्या आधी: जुळ्यांच्या जनुकाचा सुंदरबन ते फलटण प्रवास

दख्खनी मेंढी काटक, उन्हातान्हात मैलोन्‌मैल चालणारी. पण एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. तिची लोकर जाडीभरडी, घोंगडीच्या कामाची, आणि घोंगडीलाही आता पूर्वीचे गिऱ्हाईक नाही. मेंढपाळाच्या हाती पैसा येतो तो विकलेल्या कोकरांचा. म्हणजे वेताला कोकरे किती, हाच हिशोबाचा मुद्दा. फलटणला तयार झालेली ‘नारी सुवर्ण’ ही जुळी देणारी मेंढी याच हिशोबातून आली.

जुळ्यातली मेंढी राखायची आणि जुळ्यातलाच मेंढा वापरायचा, हा उपाय जुनाच. पण वेतातल्या कोकरांच्या संख्येत आनुवंशिकतेचा वाटा जेमतेम दहा टक्के असतो. बाकीचा फरक चारा, वय आणि हंगाम यांमुळे पडतो. नुसत्या निवडीने फरक दिसायला कित्येक पिढ्या जातात. बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने (‘नारी’) म्हणून दुसरी वाट धरली. १९९० च्या दशकात संस्थेने बंगालच्या सुंदरबनातली गारोल मेंढी फलटणला आणली. संस्थेच्या डॉ. चंदा निंबकर यांच्या संशोधनाचा मोठा भाग या मेंढीभोवती उभा आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू इंग्लंड विद्यापीठातले त्यांचे पीएचडीचे कामही याच विषयावरचे.

गारोल दिसायला अगदीच किरकोळ, वजन दहा-पंधरा किलो. पण जुळी-तिळी देणारी. तिचा धागा ऑस्ट्रेलियात फार आधी पोचला होता. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या जहाजाने सिडनीला गेल्या. पुढे न्यू साउथ वेल्समधल्या ‘बुरूला’ नावाच्या मेंढवाड्यावरच्या मेरिनो मेंढ्या वेताला एकाहून जास्त कोकरे देतात, हे १९५० च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आले. हा एकाच मोठ्या जनुकाचा प्रताप असावा, हे १९८० च्या आसपास पुढे आले. त्याचे मूळ बंगाली मेंढ्यांत असावे, असे ऑस्ट्रेलियातल्या मेंढी-आनुवंशिकतेच्या अभ्यासक हेलन न्यूटन टर्नर यांनी मांडले. २००१ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी नेमका बदल शोधला: सहाव्या गुणसूत्रावरच्या बीएमपीआर-वन-बी या जनुकात डीएनएचे एक अक्षर बदलते आणि त्यापासून बनणाऱ्या प्रथिनात २४९ व्या जागी ग्लुटामिन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन येते. त्यामुळे बीजांडकोशातले फुगे लहान असतानाच पक्व होतात आणि एका माजाला एकाऐवजी दोन-तीन बीजे सुटतात. या बदलाचे नाव फेक-बी. पुढे नुसते ‘जनुक’ म्हटले आहे ते या बदललेल्या जनुकालाच. गारोलमध्येही हाच बदल असल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले.

हा शोध लागण्याआधीचे काम किती किचकट होते, हे सहसा सांगितले जात नाही. जनुक आहे की नाही ते मेंढी पाहून कळत नाही. माजानंतर काही दिवसांनी उपाशी ठेवलेल्या मेंढीला भूल देऊन, डोके खाली करून, कासेच्या पुढे बारीक छेद घ्यायचा आणि दुर्बिणीतून बीजांडकोशावरचे पिवळे ठिपके, म्हणजे सुटलेल्या बीजांच्या खुणा, मोजायचे. मेंढ्याची तर तीही सोय नाही. त्याच्या मुली वयात येईपर्यंत थांबायचे, म्हणजे दोन-तीन वर्षे गेलीच.

रक्ताच्या तपासणीने हा सगळा खेळ बदलला. प्रत्येक जनावरात जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. रक्तातल्या डीएनएमधून जनुकाचा हवा तो तुकडा प्रयोगशाळेत लाखोपटीने तयार करायचा आणि एव्हीए-टू या विकराने (एन्झाइमने) कापायचा. बदल नसेल तर १९० अक्षरांचा तुकडा अखंड राहतो, दोन्ही प्रतींत असेल तर १६० चा मिळतो, एकाच प्रतीत असेल तर दोन्ही पट्टे दिसतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या डॉ. विद्या गुप्ता यांचा गट या कामात सहभागी होता. आता जन्मलेल्या नर कोकराचाही निकाल लगेच मिळू लागला.

पहिल्या संकरात गारोलचे रक्त ५० टक्के येते, आणि त्याबरोबर तिचे लहान अंगही. बाजारात ते चालत नाही. म्हणून जनुकधारी संकर पुन्हा मोठ्या अंगाच्या दख्खनी (लोणंद) मेंढ्यांशी फळवायचे: २५, मग १२.५ टक्के. दर पिढीत निम्म्याच कोकरांत जनुक उतरते, बाकीची बाजूला. शेवटी जनुकधारी नर-मादी एकत्र आणले की चारात एक कोकरू दोन प्रतींचे निघते. या खटाटोपातून ‘नारी सुवर्ण’ उभी राहिली. मेंढपाळांच्या खांडात एका प्रतीमुळे वेतामागे साधारण अर्धे कोकरू वाढते.

अडचण पुढे येते. जुळी जन्मतः हलकी असतात आणि दख्खनी आईला दोघांपुरते दूध असतेच असे नाही. शेवटचा दीड महिना खुराक दिला नाही, किंवा व्यायल्यावर पहिल्या काही तासांत दोघांच्याही पोटात चीक गेला नाही, तर वाढीव कोकरू हातचे जाते. वाट चालणाऱ्या वाड्यावर हे जास्तच घडते. त्यामुळे घरी चारा-पाणी असलेल्या, बंदिस्त मेंढ्या पाळणाऱ्यांनाच या मेंढीचा खरा फायदा.

मेंढा निवडतानाही गफलत होते. दोन प्रतींचा मेंढा साध्या दख्खनी खांडात सोडला की सगळी कोकरे एका प्रतीची निघतात, तेच हवे असते. मात्र त्याच मेंढ्याकडून त्याच्या मुली फळल्या की निम्म्या नाती दोन प्रतींच्या होतात, तिळी-चौळी सुरू होतात आणि मर वाढते. शिवाय रक्तसंबंध जवळचा होतो तो वेगळाच. मुली वयात येण्याआधी तो मेंढा विकावा आणि त्यांच्यासाठी तपासणीत बिनजनुकाचा ठरलेला, थोराड अंगाचा दख्खनी मेंढा आणावा.