भूशासन व शाश्वत भूव्यवस्थापन : आंतरराष्ट्रीय निधी (खानदेश)

जमिनीवरील हक्क, त्यांच्या नोंदी व वापराचे नियम (भूशासन) आणि धूप थांबवून जमिनीचा कस टिकवण्याची कामे (शाश्वत भूव्यवस्थापन) यांसाठी परदेशी सरकारे, जागतिक बँक व बहुराष्ट्रीय निधी यांच्याकडून मिळणारे कर्ज वा अनुदान. खानदेश म्हणजे येथे आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे.

या निधीचा आरंभ कधीपासून धरावा याबाबत एकमत नाही. काही जण तो १९७७ च्या नैरोबी येथील वाळवंटीकरणविषयक परिषदेपर्यंत मागे नेतात. तेथे कृती आराखडा ठरला, मात्र त्यामागे पुरेसा पैसा उभा राहिला नाही. दुसरे मत १९९१ साली स्थापन झालेल्या जागतिक पर्यावरण सुविधेला (पर्यावरणाच्या कामांना पैसा देणारा बहुराष्ट्रीय निधी) आरंभ मानते. पण तिच्या कामात जमिनीच्या अवनतीला स्वतंत्र विषयाचे स्थान २००२ मध्येच मिळाले. १९९४ च्या वाळवंटीकरणविरोधी कराराने ‘जागतिक यंत्रणा’ निर्माण केली. तिच्याकडे स्वतःची तिजोरी नव्हती, निधी मिळवून देणे एवढेच तिचे काम होते. भूशासन या चौकटीत त्याहून उशिरा आले. भूधारणेविषयीची (जमीन धारण करण्याच्या व वापरण्याच्या हक्कांविषयीची) ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे २०१२ मध्ये मंजूर झाली आणि वाळवंटीकरण कराराच्या २०१९ मधील नवी दिल्ली परिषदेत भूधारणेचा ठराव झाला. निधीच्या इतिहासापुरता २००२ चा टप्पा अधिक ग्राह्य वाटतो. खानदेशापुरते मात्र १९८५ हे वर्ष धरणेच उचित. जागतिक चर्चेत शेवटी आलेला हक्काचा प्रश्न येथे सर्वांत आधी उभा राहिला.

१९८५ मध्ये जागतिक बँकेने नर्मदेवरील सरदार सरोवर प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. हा निधी धरण व कालव्यांसाठी होता, म्हणून काही अभ्यासक त्याचा येथे विचार करत नाहीत. तरीही महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील (तेव्हाचा धुळे जिल्हा) ३३ गावे बुडीत क्षेत्रात येत होती. नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९ च्या निवाड्यानुसार जमीनधारक कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन मिळायची होती. जमीनधारक कोणाला म्हणायचे, येथेच घोडे अडले. डोंगरउतारावर जंगल साफ करून कसलेल्या जमिनीला तेथे नेवाड म्हणतात. सरकारदप्तरी ती वनजमीन. तिला सातबारा नाही आणि कसणारा ‘अतिक्रमणदार’. पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेले शेत असूनही हातात कागद नाही, ही अवस्था नुसती दप्तरी त्रुटी म्हणून सोडून देता येणार नाही. बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने जून १९९२ च्या अहवालात पुनर्वसनातील उणिवांवर कठोर टीका केली. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेले कर्ज नाकारले आणि त्याच वर्षी बँकेने तक्रारींसाठी तपासणी मंडळ नेमले. बाधितांपैकी अनेक जण पुढे तळोद्याकडील सोमावल, रेवानगर येथे वसले. नेवाडीला कायदेशीर आधार मिळाला तो २००६ च्या वनहक्क कायद्याने : १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनच्या आदिवासी कब्जाला कमाल चार हेक्टरपर्यंत.

पाणलोटाच्या कामात जर्मन निधीचा वाटा मोठा आहे. नाबार्डमार्फत चाललेला इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम महाराष्ट्रात १९९० च्या दशकारंभी सुरू झाला. श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी या त्याच्या अटी. काम माथ्याकडून पायथ्याकडे होते. वर ६० सेंमी रुंद व ३० सेंमी खोल सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीवर खणलेले) घेतात, निघालेली माती खालच्या बाजूस रचून तिच्यावर गवत धरतात. नाल्यावरचे माती बांध त्यानंतर. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने चराई व तोडीवरचे असेच निर्बंध स्वतःहून पाळून चारशे हेक्टरांहून अधिक जंगल राखले. त्या कामातील चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

अलीकडचा मोठा निधी नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचा (पोकरा). २०१८ मध्ये जागतिक बँकेने त्यासाठी ४२ कोटी डॉलरचे कर्ज दिले. पहिल्या टप्प्यातील १५ जिल्ह्यांत खानदेशातून फक्त जळगाव होता. त्या टप्प्यात गावाचा आराखडा ग्राम कृषी संजीवनी समिती करत असे. ठिबक, शेततळे अशा वैयक्तिक लाभाच्या अर्जाला मात्र सातबारा आणि आठ-अ जोडावा लागे. म्हणून सामाईक खात्यात वाटणी न झालेल्या भावांना आधी संमतिपत्रे गोळा करावी लागत.