कळसूबाईहून उंच धावपट्टी

१९६१ म्हटलं की आपल्याला १९ डिसेंबर आणि गोवामुक्ती आठवते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या साम्राज्याला हादरे मात्र वर्षाच्या सुरुवातीपासूनच बसत होते. १५ मार्चला अंगोलाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या यूपीए या संघटनेने आफ्रिकेतल्या या पोर्तुगीज वसाहतीच्या उत्तर भागातल्या कॉफीच्या मळ्यांवर हल्ले चढवले. मळेवाले गोरे आणि दक्षिणेतून आणलेले आफ्रिकी मजूर, दोघेही मारले गेले. हल्लेखोरांपैकी अनेकांना सांगितलं गेलं होतं की गोऱ्यांच्या गोळ्यांचं पाणी होईल. ते झालं नाही. (हसू नका. २०१९ मध्ये राफेलच्या चाकांखाली लिंबं आपणच ठेवली.)

गोऱ्यांनी बंदुका उचलून स्वयंसेवकांची पथकं उभारली. मळे राखण्याबरोबरच या सशस्त्र गोऱ्यांनी सूडापोटी हजारो आफ्रिकींची कत्तल केली, हे पोर्तुगीज प्रचाराने सोयीस्करपणे गाळलं. १९६२ मध्ये पथकांची रीतसर संघटना झाली, १९६४ मध्ये तिच्याकडे नागरी संरक्षणही आलं. पुढे आफ्रिकीही त्यात भरती झाले आणि अंगोलाच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या अखेरीस संख्या अंदाजे २०,००० वर गेली.

मला कुतूहल आहे ते त्यांच्या उडत्या भावंडांचं. फ्लाइंग क्लबांचे हौशी वैमानिक छोटी विमानं घेऊन मदतीला आले आणि पुढे हवाई दलाला जोडलेल्या स्वयंसेवी तुकड्या बनल्या. छोटं विमान म्हणजे कुठूनही उडणार, असं आपल्याला वाटतं. इथे अंगोलाचं पठार आडवं येतं.

नोव्हा लिझ्बोआ, म्हणजे आजचं हुआंबो, सुमारे १,७०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. हुआंबोला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ८२ टक्क्यांच्या आसपास. त्यात दुपारी पारा २८ अंशांवर गेला की हवा प्रसरण पावते आणि घनता समुद्रसपाटीच्या १.२२५ वरून साधारण ०.९५ किलो प्रति घनमीटरवर येते. विमानाच्या लेखी ते आता २,५०० मीटरवर उभं असतं. वैमानिक याला ‘डेन्सिटी अल्टिट्यूड’ म्हणतात.

पंखाची उचल घनता गुणिले वेगाचा वर्ग या प्रमाणात असते. घनता ०.७८ पट झाली, तर तेवढ्याच उचलीसाठी वेग १.१३ पट हवा: ताशी ८० किलोमीटरला उडणारं विमान आता ९० ला उडेल. पण धावेचं अंतरही वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे १.२८ पट. त्यात टर्बो नसलेल्या इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो, शक्ती घटते. प्रोपेलर हाही फिरता पंखच, त्याचीही पकड ढिली होते. त्वरण त्याच ०.७८ पटीने घटलं असं धरलं, तर १.२८ भागिले ०.७८, म्हणजे सुमारे १.६४. समुद्रकाठी ३०० मीटर लागत असतील तर इथे ४९०, आणि गवताचं घर्षण वेगळंच!

दमट हवा ‘जड’ असते हाही गैरसमज. पाण्याच्या रेणूचा भार १८, हवेत सर्वाधिक असलेल्या नायट्रोजनच्या रेणूचा २८. बाष्प शिरलं की हवा हलकी होते. परिणाम मात्र छोटा, पूर्ण दमट हवेतही दोनेक टक्के.

उपाय दोनच. पहाटेच्या गारव्यात, ओझं कमी करून उडायचं; नाहीतर पंख बदलायचा. पोर्तुगीज हवाई दलाने आफ्रिकेत वापरलेल्या डॉर्निअर २७ च्या पंखाच्या पुढच्या कडेला एक लांब फट होती. तिच्यातून खालची हवा वेगाने वर येऊन पंखाच्या पाठीवरून घसरते, आणि नाक बरंच वर उचललं तरी प्रवाह पाठीपासून सुटत नाही. त्यामुळे कमी वेगातही उचल टिकते. इंजिनाची घटलेली शक्ती मात्र या फटीने भरून निघत नाही.