शून्य तिकिटाचा हिशेब

निपाणीहून बेळगावला निघालेल्या साध्या बसमध्ये वाहक महिला प्रवाशांना शून्य रुपयांचे तिकीट देतो. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजना लागू झाली आणि राज्यातील रहिवासी महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. या शून्य तिकिटांच्या आधारे सरकार परिवहन महामंडळाला भाडे भरून देते. त्या भाड्याची बेरीज म्हणजे सरकारी वहीतला खर्च. योजनेचा परिणाम त्यातून कळत नाही.

परिणाम मोजायचा, तर योजना नसती तेव्हा काय घडले असते हे ठरवावे लागते, आणि जे घडलेच नाही त्याची नोंद कुठल्याही दप्तरात नसते. उदाहरणादाखल समजा, १०० शून्य तिकिटांपैकी ६० जणी पूर्वी तिकीट काढूनच जात होत्या, २५ जणी वडापने, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी गाडीने, जात होत्या आणि १५ जणी घरीच राहत होत्या. पहिल्या गटात घरखर्चाला चार पैसे उरले. दुसऱ्यात वडापवाल्याचे गिऱ्हाईक गेले. तिसऱ्यात दवाखान्याची, बाजाराची किंवा मजुरीची नवी फेरी जन्मली. तिकीट तेच, परिणाम तीन.

गाय ऑर्कट या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये सुचवलेली सूक्ष्म-अनुकरणाची पद्धत इथे उपयोगी पडते. ‘सरासरी कुटुंब’ नावाच्या, कुठेच न राहणाऱ्या कुटुंबाऐवजी तीत सर्वेक्षणातली खरी कुटुंबे घेतात. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात देशभरातली अशी २,६१,७४६ कुटुंबे होती. प्रत्येक कुटुंब आपल्यासारख्या किती कुटुंबांचे प्रतिनिधित्व करते, त्यानुसार त्याला भार दिला जातो, आणि मग संगणक जुना व नवा नियम एकेका कुटुंबाला लावून फरक काढतो.

नियम लावणे सोपे. नियमामुळे माणूस कसा बदलेल, हे अवघड. जुन्या धोरणाच्या काळातली वागणूक नव्या धोरणात तशीच राहील असे धरता येत नाही, ही अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट लुकास यांची १९७६ मधली टीका अशी गणिती मॉडेल करणाऱ्यांना आजही सोडत नाही.

सीमाभागात त्यात आणखी एक भर पडते. निपाणीला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. तिकडे महाराष्ट्राच्या हद्दीत १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूरला जाणारे घर फुकट बसमुळे बेळगावकडे वळले, तर बेळगावच्या दुकानदाराचा फायदा आणि कोल्हापूरच्या दुकानदाराचे नुकसान होते. केवळ कर्नाटकापुरत्या मॉडेलला मात्र यातला फायदाच दिसेल, आणि माझ्या मते सीमेवरच्या तालुक्यांसाठी ही चूक किरकोळ नाही.

म्हणून चांगला मॉडेलकार एकच उत्तर देत नाही. वरच्या उदाहरणातल्या ६० च्या जागी ४५ आणि ७५ घालूनही गणित चालवतो आणि उत्तर किती हलते ते दाखवतो. ते फारच हलले, तर बसस्थानकावर उभे राहून प्रवासी बायकांनाच विचारावे लागते: “ताई, पूर्वी कशानं जात होता?”