पहिल्या पिढीचा विद्यार्थी (गोव्यातील उच्चशिक्षण-प्रवेश)

ज्याच्या आईवडिलांपैकी कोणीही पदवी घेतलेली नाही आणि जो स्वतः पदवीच्या प्रवेशासाठी अर्ज करतो, त्याला पहिल्या पिढीचा विद्यार्थी म्हणतात. व्याख्या सगळीकडे सारखी नाही. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात आईवडील दोघेही पदवीधर नसावे लागतात; मूल एकाच पालकाजवळ वाढले असेल, तर त्या एकाचेच शिक्षण पाहतात. तमिळनाडूत अख्ख्या कुटुंबाचा विचार होतो. आजी-आजोबा, भाऊ-बहीण यांपैकी कोणी पदवीधर नसेल, तर तहसीलदार तसा दाखला देतो आणि २०१० पासून त्या दाखल्यावर व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षणशुल्कात सवलत मिळते. गोव्यात राखीव जागा आणि शिष्यवृत्त्या प्रामुख्याने जात, जमात, उत्पन्न आणि अपंगत्व यांवर ठरतात. पालक किती शिकले, हा त्यात निकष नाही. त्यामुळे असे विद्यार्थी वर्गात बसलेले असतात, पण मोजले जात नाहीत.

गोव्याची साक्षरता २०११ च्या जनगणनेत ८८.७० टक्के होती. या आकड्यामुळे प्रश्न झाकला जातो, कारण सही करता येणे, वर्तमानपत्र वाचणे, दहावी होणे आणि पदवी घेणे यांत फार अंतर आहे. पोर्तुगीज काळात पणजीत १८४२ पासून वैद्यकीय शाळा आणि १८५४ पासून लिसेव (पोर्तुगीज माध्यमिक शाळा) होते, पण विद्यापीठ नव्हते. पदवीसाठी मुंबई, पुणे, धारवाड किंवा थेट पोर्तुगाल गाठावे लागे आणि ते मोजक्या घरांनाच परवडे. मुक्तीनंतर १९६२ मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले महाविद्यालय सुरू झाले, दोन्ही मुंबई विद्यापीठाला जोडलेली. पुढच्या वर्षी म्हापशात सेंट झेवियर्स आले. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने गावोगावी प्राथमिक शाळा काढल्या, त्यांतल्या बहुसंख्य मराठी. गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये ताळगावच्या पठारावर उभे राहिले. म्हणजे आज अर्ज भरणाऱ्या मुलाची आजी त्या नव्या शाळांच्या पहिल्या तुकड्यांत असू शकते. वडील दहावी होऊन खाणीवर ट्रक चालवायला गेलेले असू शकतात. सत्तरी, डिचोली, सांगे, धारबांदोडा या तालुक्यांत अशी घरे पुष्कळ आहेत. २०१२ आणि २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा तिथे पदवीकडे पाहण्याची नजरही बदलली. ट्रकचा भरवसा गेल्यावर मुलांनी शिकलेच पाहिजे, हे न सांगता ठरले.

या विद्यार्थ्यांची अडचण बुद्धीची नसते, आणि केवळ पैशाचीही नसते. घरात वाट माहीत असलेले माणूस नसते, ही खरी अडचण आहे. तिचे मूळ बरेचसे शिक्षणाच्या माध्यमात सापडते. सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या असतात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यम सुरू होते. चौथीपर्यंत मुलाचा अभ्यास घेणारी आई पाचवीत अचानक बाजूला पडते. सकाळी मराठी दैनिक अग्रलेखासकट वाचणारे बाबा महाविद्यालयाचे माहितीपत्रक हातात आल्यावर ते मुलाकडेच परत देतात. बारावीपर्यंत त्या घरातला शिक्षणाचा सगळा कारभार मुलाच्याच अंगावर आलेला असतो, आणि त्याच्या चुका तपासणारे कोणी नसते.

सगळ्यांत महाग पडणारी चूक दहावीनंतरच होते. हायर सेकंडरीत विज्ञान घेऊन गणित सोडले, तर अभियांत्रिकीची वाट बंद होते. विषय नुसते 'सोपे' म्हणून निवडले, तर दोन वर्षांनी त्याची किंमत कळते. शिकलेल्या घरात हे जेवताना बोलण्यात येऊन जाते. इथे ते कोणी सांगितले तरच समजते.

दुसरी अडचण वेळेची. 'आधी निकाल लागू दे, मग बघू' हे वाक्य अशा घरांत हमखास ऐकू येते, आणि ते चुकीचे आहे असे त्यांना वाटण्याचे काही कारणही नसते. पण नीटसारख्या परीक्षेचा अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरावा लागतो. अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेच्या तारखाही निकालासाठी थांबत नाहीत. त्यात रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि ओबीसी असल्यास नॉन-क्रिमी लेयर. यांपैकी एकेका कागदासाठी वडिलांची एकेक दिवसाची मजुरी बुडते. मामलेदार कचेरीत गेल्यावर आणखी एक कागद हवा असे कळले, की आणखी एक दिवस. सत्तरीत हेच दिवस काजूच्या हंगामाचे असतात. घरातली सगळी माणसे बोंडू वेचायला गेलेली असताना परीक्षेचा अभ्यास आणि दाखल्यांची धावपळ एकाच मुलाला करावी लागते.

पैशाच्या बाबतीत सरकारी मदत आहे. गोवा शिक्षण विकास महामंडळ बिनव्याजी शैक्षणिक कर्ज देते, आदिवासी कल्याण खात्याची गगन भरारी योजना गावडा, कुणबी, वेळीप मुलांसाठी आहे. मात्र ज्या घराने कर्ज म्हणजे सावकाराचेच पाहिले आहे, तिथे 'बिनव्याजी' या शब्दावर चटकन विश्वास बसत नाही. योजना जाहीर करून भागत नाही, ती कोणीतरी ओसरीवर बसून समजावून द्यावी लागते. साखळी, केपे, खांडोळा आणि पेडणे तालुक्यातील सरकारी महाविद्यालयांचे मोल इथे फार मोठे आहे. ती घराजवळ आहेत, आणि तिथल्या शिक्षकांना गाव ओळखून असतो.

२०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांचा आराखडा आला. तीन वर्षांनी पदवी, चौथ्या वर्षी ऑनर्स, शिवाय मेजर (मुख्य) आणि मायनर (दुय्यम) विषय. पर्याय वाढले ही चांगली गोष्ट. पण पर्याय जितके जास्त, तितकी सल्ल्याची गरज जास्त, हे धोरण राबवणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे.

गोव्याबाहेर, विशेषतः अमेरिकेतल्या विद्यापीठांत अर्ज करताना पालकांचे शिक्षण सरळ विचारले जाते. तिथे गोव्यातली मुले अनेकदा ही माहिती लाजेने पुसट करतात. 'वडील व्यवसायात' एवढेच लिहितात. ते टाळावे. वडील ट्रक चालवतात, आई म्हापशाच्या बाजारात भाजी विकते, घरातली इंग्रजी पत्रे सातवीपासून मीच वाचून दाखवतो, असे नेमके लिहिलेले जास्त खरे आणि जास्त उपयोगाचे ठरते. दया मागण्याची गरज नाही. घराचा कारभार सांभाळत मिळवलेले गुण काय मोलाचे आहेत, हे वाचणाऱ्याला त्यातूनच कळते.

धाकट्या भावंडांचे काय, हा प्रश्न व्याख्येत उरतोच. अमेरिकी व्याख्येत थोरली बहीण पदवीधर झाली तरी धाकटा भाऊ पहिल्या पिढीचाच राहतो. तमिळनाडूत ती सवलत घरात एकालाच मिळते. गोव्यातला अनुभव या दोन्हींच्या मधला आहे. आईवडील तेच असतात, पण ताईने एकदा दाखले काढलेले असतात, कुठल्या खिडकीवर काय मागतात हे तिला ठाऊक असते, आणि पुढच्या वर्षी वाड्यावरची इतर मुलेही आपले अर्ज घेऊन तिच्याकडेच येतात.