पेपर कटिंगची पीडीएफ घरी प्रिंट करताय? आधी पान नंबर १ वरचा चौकोन मोजा

नमस्कार ताई (आणि दादा पण, आजकाल बरेच टेलरदादा आपल्याकडून पेपर कटिंग घेतात),

तुम्ही ब्लाउजच्या रेडी पेपर कटिंगची (म्हणजे कापड कापायच्या कागदी साच्याची) फाइल घेतली, प्रिंट काढली, पानं चिकटवली, कापड कापलं, शिवलं आणि ब्लाउज घट्ट. मग मला मेसेज येतो, "ताई तुमचं ३६ चं माप चुकलंय." मी विचारते पान नंबर १ वरचा चौकोन किती भरला? आणि समोरून उत्तर येतं, "कुठला चौकोन?"

म्हणून हा कागद लिहायला घेतला. आता प्रत्येक फाइलसोबत हा पण पाठवणार.

तर तो चौकोन. प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर मधोमध काळ्या रेघेचा एक चौकोन आहे, ४ इंच बाय ४ इंच. तो शोभेसाठी नाहीये. प्रिंट काढल्यावर त्यावर पट्टी ठेवायची, स्टीलची किंवा शाळेची प्लास्टिकची, टेप नको, कारण कापडी टेप वापरून वापरून ताणला जातो आणि तोच खोटं माप दाखवतो. दोन्ही बाजू बरोबर ४ इंच भरल्या तर पुढची पानं काढा. नाही भरल्या तर थांबा, एक पान वाया गेलं, बास.

आता तुम्ही म्हणाल एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी भरलं तर काय एवढं. हिशोब करू. चौकोन ४ इंचाचा, छाती ३६, म्हणजे असे नऊ चौकोन. प्रत्येकात एक सूत कमी म्हणजे छातीत नऊ सूत कमी, म्हणजे एक इंच आणि वर एक सूत. आणि चौकोन दोन सूत कमी भरला तर छातीत सव्वादोन इंच गेले, तुमचा ३६ चा ब्लाउज ३४ चा पण राहिला नाही. माप चुकलेलं नसतं हो, अख्खा कागद आक्रसून छापलेला असतो.

काही ताई म्हणतात साइडला माया (शिलाईच्या आत सोडलेलं जादा कापड) आहे ना, उसवून बसवू. छाती बसेलही. पण कागद आडवा आक्रसला तसा उभा पण आक्रसतो ना, मुंडा (बाही जोडायची गोलाई) लहान होतो, टक्सचा (छातीवरच्या चुण्यांचा) पॉइंट खांद्यापासून १० इंचावर हवा तो तीनेक सूत वर सरकतो, गळा लहान होतो, आणि हे कुठलीच माया उसवून नीट होत नाही. बाही घालताना काखेत काचलं की समजायचं. एका ताईंनी पैठणीसोबत आलेला पीस असा कापला होता. साडीसोबतचा पीस साधारण ८० सेंटीमीटर आणि तो एकदाच मिळतो, त्या काठाचा दुसरा कुठून आणणार. त्या फोनवर रडत होत्या आणि मला काय बोलावं ते कळेना. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, पहिल्यांदा नवीन पेपर कटिंग वापरताना अस्तरावर किंवा जुन्या कॉटनच्या साडीवर कापून बघा, मग चांगलं कापड.

आक्रसतो कशामुळे तर एकाच शब्दामुळे, फिट. प्रिंट द्यायच्या आधी जी खिडकी उघडते तिच्यात फिट, फिट टू पेज, श्रिंक, फिट टू प्रिंटेबल एरिया असं काहीतरी असतं आणि बऱ्याच ठिकाणी ते आधीच निवडलेलं असतं. घरचा प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापू शकत नाही, चारी बाजूंनी थोडी जागा सोडतो, मग फिट म्हटलं की तो अख्खं पान त्या उरलेल्या जागेत कोंबतो. ए-फोरचं पान ए-फोरवरच काढलं तरी ते साधारण ९५-९७ टक्क्यांचं होऊन येतं. डोळ्यांना काहीच कळत नाही, हीच तर अडचण. निम्मं झालं असतं तर लगेच दिसलं असतं.

आपल्याला हवं ॲक्च्युअल साइज, किंवा स्केल १००. कम्प्युटरवर ॲडोबी रीडरमध्ये फाइल उघडली तर प्रिंटच्या खिडकीत ॲक्च्युअल साइज असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तिथे टिक करा. क्रोममध्ये उघडली असेल तर मोअर सेटिंग्जमध्ये खाली स्केल दिसेल, तिथे कस्टम निवडून १०० टाका. बॉर्डरलेस चालू असेल तर बंद करा, त्यात उलटं होतं, कडेपर्यंत छापायच्या नादात प्रिंटर चित्र किंचित मोठं करतो. मोबाइलवरून थेट प्रिंट शक्यतो नकोच, बऱ्याच ॲपमध्ये स्केल विचारतच नाही, आपल्या मनाने बसवून मोकळं होतं. आणि फाइलचा स्क्रीनशॉट काढून तो प्रिंट करणाऱ्यांना मी हात जोडते. फोटोला इंच कळत नाहीत, पीडीएफला कळतात. पुढे कुणाला पाठवायची तरी डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नको.

झेरॉक्सच्या दुकानात गेलात तर दुकानदाराला आधीच सांगा, "दादा १०० टक्क्यावर काढा, फिट नको, आणि आधी फक्त पहिलं पान." पर्समध्ये छोटी पट्टी ठेवा आणि तिथेच काउंटरवर मोजा. तो बिचारा फिट चांगल्यासाठीच ठेवतो, दिवसभर आधार कार्ड, मार्कशीट, सातबारा काढायचे, कुणाची कड कापली गेली तर लोक भांडतात. आपलं काम वेगळं आहे हे त्याला सांगितल्याशिवाय कसं कळणार. त्याच्याकडचे ए-फोर संपले आणि तो म्हणाला लीगलवर काढू का, तर काढू द्या, १०० टक्क्यावर असेल तर कागद लांब असल्याने काही बिघडत नाही. फिटवर असेल तर मात्र लीगलवर चित्र किंचित मोठं पण होऊ शकतं, मग ब्लाउज ढगळ.

अमेरिका, कॅनडात लेक-सुनेला फाइल पाठवता ना, तिथला नेहमीचा कागद ए-फोर नसतो, लेटर असतो. ए-फोर २१० बाय २९७ मिलीमीटर, लेटर २१६ बाय २७९, म्हणजे रुंदीला जरा जास्त पण उंचीला १८ मिलीमीटर आखूड. त्यावर फिट केलं की उंचीच्या हिशोबाने ९४ टक्के किंवा त्याहून कमी, म्हणजे तेच ते वरचे दोन सूत. हे फक्त परदेशात होतं असं पण नाही, आपल्याकडेच नवीन प्रिंटर लावला की कधीकधी सेटिंगमध्ये कागद लेटर असतो आणि ट्रेमध्ये आपण ए-फोर भरलेला असतो, तेवढं एकदा बघून घ्या.

इथे माझ्या बाजूचं पण थोडं ऐका. मला सारखं ऐकवतात की तुमच्या पानावर कड फार मोकळी सुटते, कागद वाया जातो, दुसऱ्यांच्या फाइलला कमी पानं लागतात. खरंय, लागतात. पण मी प्रत्येक पानावर चित्र ७ बाय १० इंचातच ठेवते ते मुद्दाम, कारण तेवढा भाग ए-फोरवर पण बसतो आणि लेटरवर पण बसतो, आणि घरच्या प्रिंटरने कडेला जागा सोडली तरी एकही रेघ कापली जात नाही. म्हणजे फिट करायची गरजच पडू नये अशीच फाइल आहे. पुढचा भाग, मागचा भाग चार-चार पानांचा होतो, दोन पानं जास्त गेली तर जाऊ दे, साडीसोबतच्या पिसापेक्षा कागद स्वस्त आहे.

पानं जोडताना प्रत्येक कोपऱ्यात क१, क२ असं लिहिलेलं आहे, एका पानाची कड रेघेवर कापायची, दुसऱ्याची तशीच ठेवायची आणि वर बसवायची, रेघेवर रेघ. दोन्ही कडा कापल्या तर चिकटवायला काही उरत नाही (हे पण होतं). सेलोटेप लावलेल्या कागदावर इस्त्री फिरवू नका. माया फाइलमध्ये धरलेली आहे, साइडला १ इंच, बाकी अर्धा, वेगळी सोडू नका.

चिकटवायचा कंटाळा असेल तर ए-थ्रीची फाइल मागा, ज्यांनी ए-फोर घेतलीय त्यांना ती फुकट देते. ३६ मापापर्यंत प्रत्येक भाग एकाच ए-थ्री पानावर बसवलाय, जोडायची भानगडच नाही. पण ए-फोरची फाइल दुकानात देऊन "ही ए-थ्रीवर मोठी करा" असं सांगू नका. ए-फोरचं ए-थ्री होताना १४१ टक्के होतं, ३६ ची छाती जवळजवळ ५१ इंच होईल. हसू नका, कापून झाल्यावर फोन आलेला आहे.

असंच दुसरं, ३६ ची फाइल घेऊन १०६ टक्क्यावर प्रिंट केली की ३८ मिळतं असं काहीजणी करतात. छाती मिळते हो. पण माणूस छातीत दोन इंच वाढला म्हणून त्याचा खांदा, गळा, बाहीची उंची त्याच प्रमाणात वाढत नाही. शोल्डर उतरतं, गळा पसरतो, आणि मग "तुमचा गळा नीट नाही." प्रत्येक माप मी वेगळं काढते ते त्यासाठीच. दोन-तीन मापं लागत असतील, बुटीक असेल, क्लास असेल तर ३२ ते ४४ चा सेट घ्या, सुटं सुटं घेण्यापेक्षा बराच स्वस्त पडतो.

टक्केवारीने मोठं-छोटं कुठे चालतं तर आरी वर्कच्या (आरीच्या सुईने करायच्या भरतकामाच्या) सुट्या नक्षीला, बुट्ट्यांना, मोराला. ए-फोरची नक्षी ए-फाइव्हला न्यायची तर ७१ टक्के, ए-थ्रीला १४१, हे आकडे लक्षात ठेवा, झेरॉक्सवाल्याला सांगता येतात. फक्त ७१ टक्के केलं की जागा निम्मी होते, पाकळ्या जवळ येतात, मोठे मणी बसणार नाहीत, तेव्हा बारीक कट दाणा घ्या. गळ्याची नक्षी मात्र १०० टक्केच, ती पेपर कटिंगच्या गळ्यावरच बसवलेली असते.

फाइलचे पैसे परत देत नाही, आधीच सांगते, कारण फाइल एकदा गेली की ती माझ्याकडे परत येत नाही. पण माप अडलं तर सोडून पण देत नाही. ज्यांच्याकडे प्रिंटर नाही किंवा दुकान लांब आहे त्यांना मी स्वतः चौकोन मोजून जाड खाकी कागदावर कापलेला सेट कुरिअरने पाठवते, एक सेट वर्षानुवर्षं टिकतो. क्लासवाल्या ताई तोच घेतात.

काही अडलं तर व्हॉट्सॲप करा, पण नुसतं "ताई बसत नाही" असं नको. चौकोनावर पट्टी ठेवून फोटो काढा, आकडे दिसतील असा, आणि प्रिंट घरची की दुकानातली ते लिहा. दुपारी १ ते ४ मी मशीनवर असते, तेव्हा फोन उचलत नाही, संध्याकाळी सगळ्यांना उत्तर देते.