कसब

कसब (नपुंसकलिंगी नाम) म्हणजे सरावाने अंगी मुरलेली कारागिरी. शब्द मूळचा अरबी, फारसीवाटे मराठीत रुळलेला. अरबीत ‘कस्ब’ म्हणजे कमाई, मिळवणे. म्हणूनच जुन्या मराठीत तो धंदा, पेशा या अर्थानेही येतो. तो अर्थ आता मागे पडला, पण कष्टाने मिळवल्याचा भाव शब्दाला अजून चिकटून आहे. गोड गळ्याला आपण देणगी म्हणतो; त्याच गळ्यातून दम न तुटता लांब तान घेणे, हे कसब.

सोनाराचे काम जवळून पाहावे. साखळीची कडी जुळवताना तो सांध्यावर डाख (सांधा जोडणारा धातू) ठेवतो आणि फुंकणीने ज्योत तिथे वळवतो. डाख सोन्याआधी वितळतो, पण फार आधी नाही. तो चमकून सांध्यात धावला की तत्क्षणी फुंकर थांबायला हवी, नाहीतर कडीच वितळायची. ही वेळ घड्याळ सांगत नाही. नजर आणि श्वास मिळून ठरवतात. याला ‘कौशल्य’ म्हणण्यात चूक नाही, पण ‘कसबी हात’ म्हटले की तो सोनार डोळ्यांपुढे उभा राहतो.

‘कौशल्य’ हा संस्कृत ‘कुशल’वरून आलेला शब्द आज सरकारी खात्याच्या नावापासून प्रमाणपत्रापर्यंत सगळीकडे आहे. कौशल्ये मोजता येतात, त्यांची यादी करता येते. कसबाचे अनेकवचन मात्र सहसा कुणी करत नाही. ते माणसाच्या अंगी असते किंवा नसते. ‘हातोटी’त ज्याची-त्याची खास रीत येते (समजावून सांगण्याची हातोटी), तर ‘हातखंडा’ म्हणजे हमखास जमणारे काम.

बोलण्यात ‘कसब दाखवणे’, ‘कसब पणाला लागणे’ हे प्रयोग नेहमीचे. चेंडू हातभर वळू लागला की फलंदाजाचे कसब पणाला लागते. तुटू पाहणारी बोलणी सावरणाऱ्या मुत्सद्द्याचेही लागते.

‘कसबी’ म्हणजे कुशल, हा गौरवच. त्याच मुळातल्या ‘कसबीण’ या शब्दाला मात्र वेश्या हा अर्थ चिकटला. पेशा दोघांचाही, पण मान पुरुषाच्या वाट्याला आणि बदनामी बाईच्या, हा भाषेने केलेला अन्यायच आहे.

सोने पारखण्याचा ‘कस’ संस्कृतातला, त्याचा कसबाशी संबंध नाही. पुण्याच्या कसबा पेठेतला ‘कसबा’ही निराळाच, तो अरबीच, पण वस्तीचे मुख्य ठाणे या अर्थाचा.